चरईत भाडेकरूंसकट जुनं दुमजली घर घ्यावं का?

घंटाळीची_पोर

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आम्ही दोघं, दोन मुली आणि सासूबाई सध्या वाघबीळला टू बीएचकेमध्ये राहतो. घोडबंदर रोडबद्दल काही बोलत नाही, जे राहतात त्यांना माहितीये. माझं माहेर घंटाळीचं, त्यामुळे जीव सगळा स्टेशनकडच्या ठाण्यात. दीर-जाऊ डोंबिवलीला भाड्याने राहतात आणि दोन्ही घरांनी मिळून एकच मोठं काहीतरी घ्यावं हा विषय आमच्याकडे दर दिवाळीला निघतो आणि फराळाबरोबर संपतो.

तर चरईत, मेन रोडपासून आत गल्लीत एक घर विकायचंय असं नवऱ्याच्या मित्राकडून कळलं. तळमजला अधिक एक, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटा, मागे विहीर होती ती बुजवून वर लादी टाकलीये. मालकांच्या आजोबांनी स्वातंत्र्याच्या आधी बांधलेलं. प्लॉट साधारण अठराशे फुटांचा. वरचा अर्धा मजला मालकांकडे आहे आणि तो रिकामा, कुलूप लावलेला. बाकी चार भाडेकरू, खाली दोन बिऱ्हाडं आणि रस्त्याच्या बाजूला पिठाची गिरणी, वर एक आजी एकट्याच राहतात. भाडं ऐकून मी परत विचारलं की महिन्याचं सांगताय ना? नव्वद ते दीडशे रुपये, गिरणीचे तीनशे! मालक म्हणजे तीन भाऊ, एक ठाण्यातच, एक पुण्याला, धाकटे ऑस्ट्रेलियात. मागतायत दोन कोटी साठ लाख, आणि दलाल म्हणतो थोडं कमी होईल.

आम्हाला टॉवर बांधायचा नाहीये. आमचं स्वप्न असं की घर आहे तसंच ठेवून नीट करून घ्यायचं, वर आम्ही, खाली दीर-जाऊ, आणि एखादी खोली पुढे लीव्ह लायसन्सवर क्लासेसला वगैरे द्यायची. दलालाचं म्हणणं की भाडेकरूंना "दोन-दोन पेट्या दिल्या की जातात". मला ते खरं वाटत नाही पण नवऱ्याला वाटतं. जिना आणि सागाचे वासे बघून तो पुरता विरघळलाय.

कोणी असं घर घेतलंय का? भाडेकरूंचं नक्की काय करायचं असतं? बांधकाम टिकेल का हे कसं बघायचं? बँक लोन देते का? आणि आजूबाजूला सगळीकडे पाडापाडी चालू असताना मधेच एक कौलारू घर घेऊन बसणं शहाणपणाचं आहे का?

विटचुना

ताई, मी ठाणे-कल्याण पट्ट्यात जुन्या इमारतींचीच कामं करतो म्हणून बांधकामापुरतं बोलतो, भाडेकरूंचं दुसरे सांगतील.

पहिलं म्हणजे घर आत्ता कोरड्यात बघून काही ठरवू नका, जुलैत चार दिवस संततधार लागल्यावर जा आणि रिकाम्या अर्ध्या मजल्यात उभं राहून नुसतं वर बघा. कौलं गळतात ते वाईट नाही, कौलं बदलता येतात. पाणी भिंतीत कुठे उतरतंय ते महत्त्वाचं. अशा घरात सागाची तुळई मधोमध ठणठणीत दिसते आणि भिंतीत जिथे तिचं टोक घुसवलेलं असतं तिथे आतून कुजलेली असते, कारण ओल तिथेच धरते आणि वारा तिथेच लागत नाही. एक जाड स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा. भिंतीपासून बोटभर अंतरावर तुळईच्या खालच्या अंगाने दाबून बघा. टोक टक् करून थांबलं तर लाकूड शाबूत, पाव इंच आत गेलं आणि बाहेर काढल्यावर भुसा आला तर वाळवी नाहीतर कुजवा. प्रत्येक तुळईची दोन्ही टोकं बघायची. मालक कुरकुर करतील, करू देत. टोक गेलं असलं तरी तुळई गेली असं नसतं, कुजलेला भाग कापून दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्ट करून आधार देता येतो, मी असं बऱ्याच घरात केलंय. पण किती टोकं गेलीत त्यावर बजेट ठरतं.

दुसरं, भिंती विटा-चुन्याच्या आहेत की नाही ते बघा आणि त्यावर मधल्या काळात कोणी सिमेंटचं प्लास्टर मारलंय का तेही बघा, बहुधा मारलेलं असतंच. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, वरून सिमेंट मारलं की ओल आत कोंडते, मग खार फुटतो, पोपडे येतात आणि आपण म्हणतो भिंत खराब झाली. अशा ठिकाणी सिमेंट खरवडून परत चुन्याचं प्लास्टर करावं लागतं आणि ते करणारे गवंडी आता शोधावे लागतात.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. तुम्हाला कोणीतरी कॉन्ट्रॅक्टर नक्की सांगणार की ताई वासे काढून टाकू, मस्त स्लॅब मारू. अजिबात नाही! या भिंती लाकडी माळ्याचं वजन घ्यायला बांधल्यात. त्यावर आरसीसी स्लॅब, वर टाइल्स, वर पाण्याची टाकी असं चढवत गेलं की भार कित्येक पट होतो आणि पाया किती खोल आहे ते कुणालाच माहिती नसतं. आणि तुमच्याकडे मागे बुजवलेली विहीर आहे, तिच्या किती जवळ पाया येतो ते बघायला एक खड्डा मारून पाहावाच लागेल.

बाथरूमचं पण विचारात घ्या. जुन्या घरात संडास मागे अंगणात कॉमन असायचे, वर फक्त मोरी. आता वर अटॅच्ड टॉयलेट हवं म्हणून लाकडी माळ्यावर कोबा करून भांडं बसवतात आणि दोन पावसाळ्यांत खालचे वासे काळे पडतात. ओली खोली सगळी मागच्या बाजूला, वेगळ्या खांबांवर, मूळ भिंतींना भार न देता बांधा, महापालिकेची परवानगी घेऊन.

महापालिकेचं म्हणाल तर ३० वर्षांवरच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम २६५अ खाली स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं आणि त्यावर सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ अशी वर्गवारी होते. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडा. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं आत असताना दुरुस्ती चालेल, सी-३ किरकोळ. तुमच्या घराला आजवर काही नोटीस आलीये का हे प्रभाग समितीत जाऊन विचारा, मालकांच्या शब्दावर राहू नका. ही वर्गवारी हलक्यात घेऊ नये. २०१५ च्या ऑगस्टमध्ये नौपाड्यात बी केबिनला कृष्णा निवास पडली तेव्हा १२ माणसं गेली.

खर्च? नीट केलं तर नवीन बांधकामाच्या रेटच्या आसपास जातं. दुरुस्ती स्वस्तात होते हा गैरसमज आधी डोक्यातून काढा.

नेरूळकर

एवढ्या पैशात आमच्याकडे या ना! सिडकोचं जुनं रो हाऊस बघा, नेरूळ, सानपाडा, वाशीचे जुने सेक्टर. भाडेकरू नाही, कौलं नाहीत, स्क्रू ड्रायव्हर नाही. दोन कुटुंबं आरामात राहतात वर-खाली. जमीन सिडकोची ६० वर्षांच्या लीजवर असते आणि ट्रान्सफरला सिडकोची एनओसी आणि चार्जेस लागतात, वाढीव बांधकाम नियमात आहे का ते बघावं लागतं, पण निदान मालक कोण आणि भाडेकरू कोण हा प्रश्न नाही. फक्त गावठाणातल्या चार-पाच मजली घरांच्या वाटेला जाऊ नका, स्वस्त दिसतात, कागद नसतात.

तलावपाळी_टाइम्स

@नेरूळकर घंटाळीची पोर नेरूळला जाणार? मामलेदारची मिसळ पार्सल करणार का रोज?

कागद_बघा_आधी

मी वकील नाही, पण वडिलोपार्जित घराच्या भानगडीत अर्धं आयुष्य ठाण्याच्या कोर्टाच्या बाकड्यावर गेलंय, त्यामुळे थोडंफार कळतं. शेवटी वकील करायचाच, आणि तो दलालाने सुचवलेला नको.

महत्त्वाची गोष्ट ही की तुम्ही घर विकत घेतलं म्हणून भाडेकरूंचं काहीही बदलत नाही. मालक बदलतो, भाडेकरार चालू राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू, त्यात भाडं वर्षाला चार टक्क्यांनी वाढवता येतं. नव्वद रुपयांवर चार टक्के. रिक्षाने भाडं गोळा करायला गेलात तर घाट्यात.

कलम १६ मध्ये काढायची कारणं दिलेली आहेत. स्वतःला राहायला हवंय हे एक कारण आहे, पण मग कोर्ट बघतं की तुमची अडचण जास्त की भाडेकरूची, आणि तुमच्याकडे घोडबंदरला फ्लॅट आहे हे समोरचा वकील पहिल्याच तारखेला सांगणार. त्यात आजी एकट्या राहतात. पाडून नवीन बांधायचंय हेही कारण आहे, पण त्याला मंजूर नकाशे, पैसे हाताशी असल्याचा पुरावा आणि नवीन इमारतीत राहणाऱ्या भाडेकरूंना जागा हे सगळं लागतं, आणि तुम्हाला तर पाडायचंच नाही. थोडक्यात कोर्टाच्या मार्गाने जायचं असेल तर मुलींच्या लग्नाला घर रिकामं मिळेल. पाणी तोडणं, जिना बंद करणं असले उद्योग कोणी सुचवले तर कलम २९ वाचायला द्या.

आणि इमारत पडली किंवा महापालिकेने पाडली की भाडेकरू आपोआप सुटले असंही नाही. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये शहा रतनशी खिमजीच्या केसमध्ये सांगितलंय की बांधकाम गेलं तरी जमिनीवरचा भाडेहक्क राहतो. दलाल "सी-१ करून घेऊ" म्हणाला तर त्याच्यापासून दोन हात लांब.

मुंबई शहरासारखं इथे सेस (जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीचा उपकर) आणि म्हाडाचं दुरुस्ती मंडळ नाही, हेही लक्षात ठेवा. तिकडे उपकरप्राप्त इमारतीला निदान मंडळ तरी आहे. ठाण्यात मालक आणि भाडेकरू एकमेकांकडे बघत बसतात आणि घर हळूहळू खाली येतं.

"दोन-दोन पेट्या" बद्दल. चरईत स्टेशनपासून चालत अंतरावर दोन खोल्या कोणी दोन लाखाला सोडेल का? दोन लाखात त्यांना दिव्याला पण डिपॉझिटशिवाय काही मिळत नाही. मालकांनाच सांगा की भाडेकरूंशी बोलून जे सोडायला तयार आहेत त्यांच्याकडून भाडेहक्क सोडल्याचा दस्त नोंदणीकृत करून घ्या आणि मग आम्ही त्या खोल्यांचे पैसे देऊ. ज्या खोल्या रिकाम्या हातात पडतील त्यांचा भाव वेगळा, भाडेकरू बसलेल्यांचा वेगळा, असा हिशोब करा. सरसकट दोन साठ म्हणजे तुम्ही रिकाम्या घराचे पैसे देताय आणि मिळतंय भरलेलं घर. दस्तावर भाडेकरूच्या नुसत्या कर्त्याची सही पुरत नाही, त्याच्याबरोबर राहणारे वारस उद्या उभे राहतात, सगळ्यांच्या सह्या घ्या.

आता मालकांकडे वळू. प्रॉपर्टी कार्ड नगर भूमापन कार्यालयातून स्वतः काढा. तीन भाऊ म्हणालात, बहिणी किती? हा प्रश्न विचारलात की समोर शांतता पसरते, अनुभव आहे. आजोबांचं घर, वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क सरळ आहे, त्यामुळे हक्कसोडपत्र हवं किंवा त्या विक्रेत्या म्हणून हव्यात. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या नोंदणीकृत व्यवहारांचा तपास), पेपरात जाहीर नोटीस, महापालिकेच्या कराच्या नोंदीत प्रत्येक खोलीला भोगवटादार म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा, तिथे हमखास असं नाव निघतं जे मालकांना आठवतच नाही. शहर विकास विभागातून रस्तारुंदीचा अभिप्राय घ्या, जुना विकास आराखडा आणि २०२४ ला आलेला सुधारित मसुदा दोन्हीत. ओटा आणि गिरणी रस्त्यात जात असेल तर अठराशेचे किती उरतात ते बघूनच बोला.

ऑस्ट्रेलियातले भाऊ एनआरआय असतील तर त्यांच्या हिश्शाचा टीडीएस नेहमीचा एक टक्का नाही, बराच जास्त कापावा लागतो आणि तो कापायची जबाबदारी तुमची, त्यांची नाही. त्यांना लोअर डिडक्शन सर्टिफिकेट, म्हणजे टीडीएस कमी कापायचा आयकर खात्याचा दाखला, काढायला सांगा, वेळ लागतो. स्टँप ड्युटी ठाण्यात मेट्रो सेस वगैरे धरून सात टक्के, म्हणजे दोन साठवर अठरा लाखाच्या वर, नोंदणी फी तीस हजार. भाडेकरू असलेल्या मिळकतीचं मूल्यांकन वेगळं होतं म्हणून आधी अभिनिर्णय, म्हणजे ड्युटी किती ते मुद्रांक कार्यालयाकडूनच ठरवून, घेतलेला बरा.

लोन: बहुतेक बँका भाडेकरू बघून नाक मुरडतात. वाघबीळचा फ्लॅट विकून किंवा त्यावर कर्ज काढूनच उभं करावं लागेल.

तिसऱ्या_खोलीतले

वरचं सगळं वाचलं. मी पलीकडच्या बाजूचा आहे म्हणजे भाडेकरू. उथळसरला अशाच घरात आमची तिसरी पिढी. आमचं भाडं किती ते सांगत नाही, तुम्ही हसाल.

पण हसताना हेही बघा. आजोबांनी खोली घेतली तेव्हा मालकाला पागडी रोख मोजून दिली होती, त्या काळात त्या पैशात बदलापूरला जमीन आली असती. त्यानंतर आजपर्यंत छप्पर कोणी शाकारलं? आम्ही. संडासाची टाकी कोणी बांधली? चार बिऱ्हाडांनी वर्गणी काढून. कायद्यात कलम १४ आहे, मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने नोटीस देऊन करावी आणि भाड्यातून वळती करावी, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. आता महिना शंभर रुपये भाड्याचा चौथा हिस्सा वर्षाला तीनशे. तीनशे रुपयात एक पत्रा येत नाही. त्यामुळे "भाडेकरू फुकट राहतात" हे ऐकलं की डोकं फिरतं.

ताई तुम्हाला सांगतो, आम्हा भाडेकरूंना बिल्डर नको असतो असं नाही, बिल्डरची भीती वाटते. सही घेतो, भाडं देतो म्हणतो, वर्षभर देतो आणि मग काम बंद. आमच्याच गल्लीत एक प्लॉट असा पडलाय, पत्रे मारलेले, आत रुईची झाडं वाढलीयेत आणि लोक मुंब्रा, दिवा, कळवा कुठे कुठे पांगलेत. त्यामुळे कोणी येऊन म्हणालं की मी इथे स्वतः राहणार आहे, घर दुरुस्त करणार आहे आणि तुमच्या खोल्या पण धडधाकट करून देणार आहे, भाडं थोडं वाजवी करूया आणि करारावर नीट लिहूया, तर आम्ही त्याला ओट्यावर बसवून चहा पाजू. खरं सांगतो. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी करून असायला हवा, तो आमच्यापैकी कुणाकडेच नाहीये, जुन्या भाडेपावत्या तेवढ्या एका डब्यात जपून ठेवल्यात. नवीन मालकाने तो करून दिला तर आम्हालाही बरं.

त्या आजींकडे तुम्ही स्वतः जा, दलालाला नेऊ नका. त्यांना कुठे जायचंय का हे विचारण्याआधी जिन्याला कठडा लावून देऊ का हे विचारा.

विटचुना

@तिसऱ्या_खोलीतले एकदम बरोबर, आणि तांत्रिकदृष्ट्याही हेच. अर्ध्या घराची दुरुस्ती ही दुरुस्तीच नसते. तुळई एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते, भाडेकरूंच्या बाजूचं टोक कुजलं तर मालकांच्या बाजूचं छत बसतं. त्यामुळे घेतलंत तर सगळ्यांच्या खोल्यांतून काम करावं लागेल आणि त्यासाठी ती माणसं तुमच्या बाजूने हवीत.

तलावपाळी_टाइम्स

परिसराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून बोलतो, मी जांभळी नाक्यालाच असतो.

चरई बदलतीये हे खरं, पण कशात बदलतीये ते गल्लीगल्लीवर आहे. एका बाजूला टॉवर, खाली पार्किंग, वर जिम. दुसऱ्या बाजूला घाऊक बाजाराचे टेम्पो पहाटेपासून. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने रिंग मेट्रो मंजूर केली, २९ किलोमीटर २२ स्टेशनं, तेव्हापासून प्रत्येक दलालाच्या तोंडी मेट्रोच आहे, तुमच्या दोन साठमध्ये पण काही लाख त्या मेट्रोचे असतील. मेट्रो होईल तेव्हा होईल, तोवर त्याचे पैसे तुम्ही का द्यायचे?

आजूबाजूचे प्लॉट कोणाकडे आहेत ते विचारा. शेजारी रिडेव्हलपमेंटला गेला की बेसमेंटसाठी खोदणार, आणि तुमची चुन्याची भिंत त्या खड्ड्याच्या काठावर. धूळ, ड्रिलिंग, सकाळपासून आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या गल्लीत अडकलेल्या हे तर आहेच. उन्हाळ्यात पाण्याची बोंब असते ती वेगळी.

बाकी सुख म्हणाल तर पाडव्याला कौपिनेश्वरापासून स्वागतयात्रा निघते तेव्हा अख्खं ठाणे पार्किंग शोधत असतं आणि तुम्ही चपला घालून चालत जाल. गडकरीला नाटक, परत येताना भाजी. ह्याची किंमत कशी लावायची ते ज्याने त्याने ठरवावं, मी तर एका खोलीत राहतो पण हलत नाही.

घंटाळीची_पोर

बापरे, एवढं कळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

काल आम्ही परत जाऊन आलो, दलालाशिवाय. बहिणींचा प्रश्न विचारला. दोन आहेत! एक नाशिकला आणि एक इथेच पाचपाखाडीला, आणि "त्यांचं काही म्हणणं नाही" असं मोठे भाऊ म्हणाले. कागद नाही. नवरा पहिल्यांदाच जरा गप्प झाला.

आजींकडे मी एकटी गेले. त्यांनी आधी विचारलं की माहेर कुठलं, घंटाळी म्हटल्यावर कोणाची, मग आईचं नाव सांगितल्यावर बसवलं. त्या म्हणाल्या मला कुठे जायचं नाही, पण खालच्या दोघांपैकी एक बिऱ्हाड मुलाकडे कल्याणला जायच्या विचारात आहे. आणि गिरणीवाले काका म्हणाले की रस्त्यात गिरणी जाणार असं ते लहानपणापासून ऐकतायत. जिन्याखालच्या तुळईत स्क्रू ड्रायव्हर घातला, जिन्याच्या बाजूला टक् झालं, मोरीच्या बाजूला सरळ आत गेला.

आता आमचा विचार असा होतोय की आजी आणि गिरणी आहेत तशा राहू द्यायच्या, एक बिऱ्हाड सोडत असेल तर मालकांनी ते रिकामं करून द्यायचं, आणि त्या हिशोबाने भाव बोलायचा. दीर म्हणतात मग आपल्याला जागा किती उरते? वर अर्धा मजला आणि खाली दोन खोल्या. दोन कुटुंबांना कमी पडेल. यावर काही सुचतं का? आणि @विटचुना, शेजारच्या प्लॉटवर बिल्डरचा बोर्ड लागलाय, "प्रस्तावित" असा. त्याचं काय करायचं?

कागद_बघा_आधी

बहिणींची हक्कसोडपत्रं नोंदणी होऊन हातात येईपर्यंत एक रुपया बयाणा देऊ नका. टोकन म्हणून पण नाही. भाऊ म्हणतील दुसरं गिऱ्हाईक आहे, असू दे. पाच वारस, चार भाडेकरू आणि एक एनआरआय असलेल्या घराला रांग लागत नसते.

दिरांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर बहुधा असं की हे घर दोन कुटुंबांचं नाही. तुम्ही एकट्याने घ्यायचं तर भाव दीडच्या घरात बोला, तोही एक बिऱ्हाड रिकामं मिळणार हे धरून. नाही म्हणाले तर सोडा. उद्या आजींच्या खोलीवर डोळा ठेवून आज पैसे मोजू नका, ते तुम्हाला जमणार नाही असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

विटचुना

मोरीकडची बाजू गेलेलीच असते, घाबरू नका, पण सगळी टोकं बघून घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घ्या.

शेजारच्या बोर्डाचं: घर घेतलंत तर त्यांचं खोदकाम सुरू व्हायच्या आधी तुमच्या प्रत्येक भिंतीचे, प्रत्येक तड्याचे तारखेसहित फोटो काढा आणि बिल्डरला आणि महापालिकेला पत्राबरोबर द्या, पोचपावती घ्या. जे तडे आत्ता आहेत त्यांच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून ठेवा, वर तारीख लिहा. तडा हलला की काच तडकते, मग वाद घालायला वाव राहत नाही. खड्ड्याच्या कडेला त्यांनी शोअर पायलिंग (माती ढासळू नये म्हणून खोदायच्या आधी कडेला रोवलेले खांब) करावं असा आग्रह धरा, नुसते पत्रे आणि बल्ल्या लावून खोदायला लागले तर लगेच प्रभाग समितीत तक्रार करा. खड्डा पावसाळ्यात उघडा राहणार असेल तर आधीच ओरडा.

तुमच्या बाजूला विहीर बुजवलेली आहे ती शेजाऱ्याच्या हद्दीकडे आहे की मागच्या गल्लीकडे, तेवढं सांगा. हद्दीकडे असेल तर माझं मत बदलेल.

घंटाळीची_पोर

शेजाऱ्याच्या हद्दीकडे. भिंतीपासून चार-पाच फुटांवर.

विटचुना

मग भाव दीडच्याही खाली बोला, आणि आधी विहीर कशाने भरलीये ते बघू द्या. डेब्रिज टाकून भरली असेल तर शेजारी खोदल्यावर ती जमीन बसणार आणि मागची भिंत तिच्याबरोबर. मालकांनी लादी उचलू दिली नाही तर घर घेऊ नका.